केबलला धरावे कसे?

घरातील इस्त्रीचे काम संपले की ती बंद करताना पुष्कळ माणसे प्लग हातात न धरता वायरच ओढतात. काही महिने हा प्रकार निर्वेधपणे चालतो. मग एके दिवशी प्लगच्या तोंडाशी वायरचे वरचे आवरण मागे सरकलेले दिसते, आतील तांब्याच्या बारीक तारा उघड्या पडतात आणि पुढच्या वेळी हात लावणाऱ्यास विजेचा धक्का बसतो. वास्तविक यात दोष विजेचा नसतो आणि वायरचाही नसतो. वायर वीज वाहून नेण्यासाठी केलेली असते, ओढ सोसण्यासाठी नव्हे. ओढ सोसावयाची ती दुसऱ्या कोणीतरी, आणि तो दुसरा कोण हे आधीच ठरलेले असावे लागते.

इस्त्रीच्या वायरीच्या बाबतीत ही गोष्ट लहान वाटते. पण हाच प्रश्न मनगटाएवढ्या जाड केबलच्या बाबतीत उभा राहिला की त्याचे स्वरूप पालटते. उंच इमारतीत तळघरातील विद्युत्‌पुरवठ्यापासून वरच्या मजल्यापर्यंत केबल उभी चढत जाते. शहरातील रस्त्याखालून ती नळांमधून शेकडो मीटर ओढून न्यावी लागते. खाणीच्या विवरात ती वरून खाली लोंबत असते. या प्रत्येक ठिकाणी केबलचे स्वतःचे वजन असते, आणि ते कोणीतरी पेलावेच लागते. अशा वेळी केबलला धरण्यासाठी जे साधन वापरतात त्याला कारागीर इंग्रजीवरून ‘केबल ग्रिप’ म्हणतात. मराठीत त्याला पकड-जाळी म्हणता येईल. पायमोजासारखी दिसते म्हणून तिला ‘स्टॉकिंग’ किंवा ‘सॉक’ असेही नाव पडले आहे. ही जाळी निवडावी कशी, हा विषय वरवर पाहता केवळ कारागिरांच्या कामाचा. परंतु ज्या इमारतीत माणसे राहतात आणि ज्या रस्त्यावरून ती चालतात तेथील सुरक्षितता त्याच्याशी निगडित असल्यामुळे तो सर्वांनीच समजून घेण्याजोगा आहे.

केबलला धरण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तिला दोरीचा फास घालणे. विहिरीत घागर सोडताना गळ्याला फास घालतात, तद्वत्. परंतु घागरीला काठ असतो, केबलला नसतो. गुळगुळीत, लांबट वस्तूवर फास घातला तर तो एक तर घसरतो, किंवा न घसरण्यासाठी इतका आवळावा लागतो की एकाच अरुंद कड्यावर सारा भार येतो. केबलचे अंग लोखंडाच्या कांबीसारखे एकजिनसी नसते. मध्यभागी तांब्याच्या वा ॲल्युमिनियमच्या तारा, त्यांवर विद्युत्‌रोधक वेष्टन, पुष्कळदा त्यावर पोलादी तारांचे वा पट्ट्यांचे चिलखत, आणि सर्वांवर बाहेरचे आवरण, असे तिचे थर असतात. फासाने ते एका जागी चेपले गेले म्हणजे बाहेरून फारसे काही दिसत नाही. पण आतील वेष्टन पातळ होते, आणि विजेचा दाब सहन करण्याची त्याची शक्ती तेथेच कमी होते. असा दुखावलेला भाग महिनेच्या महिने काम देतो आणि एखाद्या पावसाळ्यात अचानक फुटतो.

फासाचा दोष असा की तो थोड्या जागेवर पुष्कळ जोर देतो. पकड-जाळी याच्या उलट करते. ती पुष्कळ जागेवर थोडाथोडा जोर देते. हे कसे घडते ते पाहावयाचे असेल तर पोकळ विणीची एखादी गोल नाडी घ्यावी. ती दोन्ही टोकांकडून आत ढकलली की फुगते आणि रुंद होते. ओढली की लांब आणि बारीक होते. आता तिच्या पोकळीत पेन्सिल सरकवून नाडीचे एक टोक ओढावे. नाडी बारीक होऊ पाहते, पण आत पेन्सिल असल्यामुळे तिला बारीक होता येत नाही. म्हणून ती पेन्सिलीला सर्व बाजूंनी मिठी मारते. ओढ वाढवावी तशी मिठी घट्ट होते. ओढ सोडून नाडी मागे ढकलली की पेन्सिल सहज सुटते. नाडीच्या जागी पोलादी वा काशाच्या तारांची वीण घेतली आणि पेन्सिलीच्या जागी केबल ठेवली की पकड-जाळी तयार झाली.

हे तत्त्व कारखान्यात जन्मलेले नाही. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यात राहणारे आदिवासी कसाव्हाच्या कंदाचा विषारी रस काढून टाकण्यासाठी वेताच्या किंवा तशाच चिवट पात्यांच्या विणीची एक लांब पिशवी वापरतात. तिला ‘तिपिती’ म्हणतात. किसलेला कंद तीत भरून पिशवी टांगतात आणि खालून ताणतात. लांब होता होता ती बारीक होते आणि आतील रस पिळून काढते. बोट अडकविणारी बांबूच्या विणीची नळी हे मुलांचे खेळणेही याच जातीचे. ज्या विणीने पीठ मिळते आणि मुलांची करमणूक होते, तीच वीण टनावारी भार धरू शकते. फरक एवढाच की तेथे अंदाज चालतो, आणि येथे हिशेब करावा लागतो.

हा हिशेबी माल बनविण्याचा उद्योग ज्यांनी नावारूपाला आणला त्यांत अमेरिकेतील व्हिव्हियन केलेम्स या बाईंचे नाव ठळक आहे. त्यांचा जन्म 1896 सालचा आणि मृत्यू 1975 सालचा. त्यांच्या भावाने केबल धरण्याची एक सुधारित जाळी शोधून काढली होती. तिच्या बळावर 1920 नंतरच्या दशकाच्या अखेरीस केलेम्सबाईंनी स्वतःचा कारखाना काढला आणि कनेक्टिकट राज्यात तो वाढविला. 1948 साली कामगारांच्या पगारातून सरकारसाठी कर कापून घेण्यास नकार देऊन त्यांनी अमेरिकन सरकारशी जो वाद मांडला त्यामुळे त्या वर्तमानपत्रांतून गाजल्या. पण विजेच्या कामातील माणसे त्यांना ओळखतात ती जाळीमुळेच. आजही कित्येक देशांत या प्रकारच्या पकडीला नुसते ‘केलेम्स’ म्हणण्याची पद्धत आहे.

आता निवडीकडे वळता येईल. पकड-जाळी निवडताना पहिला प्रश्न केबल किती जाड हा नव्हे. पहिला प्रश्न असा की, या जाळीने केबलला टांगून धरावयाचे आहे की ओढावयाचे आहे? हे दोन व्यवसाय भिन्न आहेत. टांगून धरणारी जाळी म्हणजे माजघरातील शिंके. त्यावर ठेवलेले दह्याचे मडके रात्रंदिवस तेथेच असते. शिंक्याला विसावा नाही. ओढणारी जाळी म्हणजे बैलगाडीचे जू. काम चालू असेपर्यंत मानेवर, काम संपले की खाली. पहिलीचा भार ठरावीक असतो, पण तो वर्षानुवर्षे राहतो. दुसरीचा भार थोडा वेळ असतो, पण तो कमीजास्त होतो, झटके देतो आणि वळणावर एकाएकी वाढतो. म्हणूनच या दोन जाळ्यांची वीण वेगळी, लांबी वेगळी आणि भाराचा हिशेबही वेगळा असतो. याखेरीज तिसरी एक लहान जात आहे. यंत्राच्या पेटीत जेथे केबल शिरते, किंवा कारखान्यातील क्रेनखाली बटनांची पेटी जिच्यावर लोंबते, तेथे केबलच्या जोडावर ओढ येऊ नये म्हणून ही जाळी बसवितात. इस्त्रीच्या वायरीला प्लगच्या तोंडाशी जो आधार हवा असतो, तोच ही जाळी यंत्राच्या तोंडाशी देते.

आधी टांगण्याचा विचार करू. उभी केबल स्वतःच्या वजनाने स्वतःलाच खाली ओढत असते. समजा, एका केबलचे वजन दर मीटरला 5 किलो आहे आणि ती 30 मीटर उभी लोंबते आहे. तिचा भार 150 किलो झाला. तो वरच्या टोकाच्या जोडणीवर पडला तर जोडणी हळूहळू ताणली जाते, सैल होते, सैल जोडणी तापते, आणि तापलेल्या जोडणीतून आग लागते. म्हणून हा भार जोडणीच्या आधीच जाळीने उचलून इमारतीच्या भक्कम भागाला द्यावयाचा असतो. येथे 150 किलो तोलणारी जाळी घेतली तर चालेल काय? चालणार नाही. टांगण्याच्या जाळीच्या बाबतीत बनविणारे साधारणतः दहापट राखीव शक्ती धरतात. म्हणजे 150 किलोंच्या भारासाठी जी जाळी 1500 किलोंच्या आत तुटणार नाही अशी घ्यावयाची. ही उधळपट्टी नव्हे. ती जाळी भिंतीच्या आड, कोणाच्याही नजरेस न पडता, इमारत उभी असेपर्यंत काम करणार असते. हवेने ती गंजते, यंत्रांच्या हादऱ्याने थकते, आणि तिच्याखालून माणसे ये-जा करतात.

किती अंतरावर आधार द्यावा हे केबलमधील धातूवरही अवलंबून असते. तांबे ॲल्युमिनियमच्या तिपटीहून अधिक जड आहे. अमेरिकेच्या विद्युत्‌ नियमावलीत उभ्या नळातून जाणाऱ्या वाहकांना किती अंतरावर आधार असावा याचे कोष्टक दिलेले आहे. त्यात सर्वांत जाड वाहक तांब्याचा असेल तर 35 फुटांवर, म्हणजे सुमारे 11 मीटरांवर, आणि ॲल्युमिनियमचा असेल तर 85 फुटांवर, म्हणजे सुमारे 26 मीटरांवर आधार हवा असे म्हटले आहे. तांब्याची केबल काढून ॲल्युमिनियमची घातली तर जुने आधार पुरतात. उलट ॲल्युमिनियमच्या जागी तांब्याची घातली तर ते कमी पडतात. दुरुस्तीच्या कामात हा फरक सहज नजरेआड होतो.

खेड्यातील श्रोत्यांना हाच धडा बोअरवेलवर पाहावयास मिळतो. पाण्यात बुडालेल्या पंपाला वीज नेणारी केबल खोल आत सोडतात, पण तिला मोकळी लोंबू देत नाहीत. पाण्याच्या पाइपाला ती दर काही अंतरावर बांधतात. त्यामुळे तिचे वजन पाइप घेतो, आणि पंपाशी असलेल्या जोडावर ओढ येत नाही. पंप वर काढताना केबल धरून कधीही ओढू नये असे पंप बनविणारे बजावून सांगतात, त्याचे कारण हेच. पंप पेलण्याचे काम पाइपाचे आणि दोराचे. केबलचे काम फक्त वीज नेण्याचे.

टांगण्याच्या जाळीत आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली गोष्ट तिची वीण बंद की उघडी. केबलचे टोक मोकळे असेल तर मोज्यासारखी बंद जाळी त्यावरून चढविता येते. परंतु केबल आधीच दोन्ही टोकांना जोडलेली असेल तर टोक मिळत नाही. अशा वेळी उभी चिरलेली जाळी घेऊन ती केबलभोवती गुंडाळतात आणि चीर तारेने वा सळईने शिवून टाकतात. दुसरी गोष्ट तिचा कान, म्हणजे हुकात अडकविण्याचा फासा. हूक केबलच्या अगदी वर असेल तर मध्यावर दोन कान असलेली जाळी बरी, कारण भार दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो. हूक भिंतीच्या बाजूला असेल तर कान एका बाजूला असलेली जाळी लागते. नाही तर केबल वाकडी लोंबते आणि जाळीची एक बाजू रिकामी राहून दुसरीवरच भार पडतो.

आता ओढण्याकडे वळावे. येथे भार वजनाएवढा नसतो. तो घर्षणावर अवलंबून असतो. वर घेतलेलीच केबल, मीटरला 5 किलो वजनाची, 200 मीटर सरळ ओढावयाची आहे असे समजू. तिचे एकूण वजन 1000 किलो. ती नुसती जमिनीवरून वा कोरड्या नळातून फरफटत नेली आणि घर्षणाचे प्रमाण निम्मे धरले तर ओढ 500 किलोंची लागेल. तीच रोलरवरून नेली आणि घर्षण पाचव्या हिश्शाइतके राहिले तर 200 किलोंत काम होईल. एवढ्यावर थांबले तर दोन्ही प्रकार निभावतील असे वाटते. पण वाटेत वळण आले की सारे चित्र बदलते. वळणावर घर्षण ओढीत मिळविले जात नाही, तर ओढीला गुणले जाते. निम्म्या घर्षणाच्या वाटेवर प्रत्येक काटकोनी वळण ओढ सुमारे 2.2 पट करते. म्हणजे शेवटाजवळ अशी दोन वळणे असतील तर 500 किलोंचे पहिल्या वळणानंतर सुमारे 1100 आणि दुसऱ्यानंतर सुमारे 2400 किलो होतात. रोलरच्या वाटेवर मात्र तीच दोन वळणे 200 किलोंना फक्त 375 किलोंपर्यंत नेतात.

आणि केबलला किती ओढ सोसते? याचे उत्तर भारतीय मानक 1255 यात दिलेले आहे. जाळी घालून ओढावयाच्या केबलसाठी त्यातील रीत सोपी आहे. केबलचा बाहेरचा व्यास मिलिमीटरांत घ्यावा, त्याचा वर्ग करावा, आणि प्लास्टिक वेष्टनाची चिलखती केबल असेल तर त्यास 9 ने, बिनचिलखती असेल तर 5 ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे न्यूटनमधील कमाल ओढ. कागदी वेष्टनाच्या, शिशाचे आवरण असलेल्या नेहमीच्या जुन्या केबलसाठी हाच गुणक 3 आहे, कारण शिसे मऊ असते. 50 मिलिमीटर व्यासाच्या चिलखती केबलला या हिशेबाने 22,500 न्यूटन, म्हणजे सुमारे 2300 किलोंची ओढ चालते. बिनचिलखतीला सुमारे 1275 किलो, आणि शिशाच्या केबलला सुमारे 765 किलो. वरच्या उदाहरणातील 2400 किलोंशी हे आकडे ताडून पाहिले म्हणजे ध्यानात येते की, रोलर न लावता दोन वळणांतून ओढलेली ती केबल, चिलखती असली तरीही, मर्यादेच्या बाहेर गेलेली असते. ती तुटणार नाही कदाचित. परंतु दुखावली गेली असेल, आणि ते दुखणे जमिनीखाली पुरले जाईल.

येथे एक बारकावा विसरता कामा नये. जाळी केबलचे फक्त बाहेरचे अंग धरते. ओढ फार झाली तर बाहेरचे आवरण जाळीबरोबर पुढे येते आणि आतील तारा मागे राहतात. म्हणून फार लांब आणि जड ओढीसाठी जाळीऐवजी आतील वाहक तारांनाच एक धातूचा डोळा पक्का बसवितात. त्या वेळी मर्यादा व्यासावरून न काढता धातूच्या क्षेत्रफळावरून काढतात. त्याच मानकात ॲल्युमिनियमसाठी दर चौरस मिलिमीटरला 30 न्यूटन आणि तांब्यासाठी 50 न्यूटन असे आकडे आहेत. तेव्हा ओढण्यासाठी जाळी निवडण्याच्या आधीच एक निवड असते: येथे जाळी योग्य आहे काय? उत्तर नकारार्थी आले तर उत्तमातील उत्तम जाळीही निरुपयोगी.

जाळी योग्य ठरली तर तिची शक्ती ठरवावी. ओढण्याच्या जाळीत साधारणतः पाचपट राखीव शक्ती धरण्याचा प्रघात आहे. 1100 किलोंची ओढ येणार असेल तर 5500 किलोंच्या आत न तुटणारी जाळी हवी. टांगण्यासाठी दहापट आणि ओढण्यासाठी पाचपट हा फरक पाहून कोणास वाटेल की टांगण्याची जाळी अधिक दणकट असल्यामुळे तीच ओढण्यास वापरावी. तसे करू नये. टांगण्याच्या जाळीची वीण आणि कान स्थिर, एका दिशेच्या भारासाठी केलेले असतात; नळाच्या कडांवर घासत, वळणे घेत, झटके खात जाण्यासाठी नव्हे. तसेच ओढण्याची जाळी काम झाल्यावर तेथेच सोडून तिच्यावर केबल कायमची टांगणे हेही चुकीचे. कामाच्या घाईत ही चूक सर्वांत अधिक होते. कारण जाळी हाताशी असते, आणि केबल तिच्यात आधीच धरलेली असते.

यानंतर माप. प्रत्येक जाळीवर ती किती व्यासापासून किती व्यासापर्यंत चालेल हे दिलेले असते. केबलचा व्यास कागदावरून न घेता प्रत्यक्ष मोजावा. त्यासाठी विशेष साधन लागत नाही. मोजपट्टीने घेर घ्यावा आणि त्यास 3.14 ने भागावे. तीन केबल एकत्र बांधून ओढावयाच्या असतील तर प्रत्येकीचा व्यास मोजून बेरीज करू नये. तिन्ही एकत्र धरून त्यांच्याभोवतीचा घेर मोजावा. जाळी ढिली पडली तर ती मिठी मारू शकत नाही आणि घसरते. जाळी लहान पडली तर ती चढविताना वीण ताणली जाते, आणि भार येण्यापूर्वीच तिची शक्ती खर्च होते.

धातूची निवड जागेवर अवलंबून आहे. जस्ताचा मुलामा दिलेले पोलाद बळकट आणि स्वस्त असते, आणि ओढण्याच्या जाळीसाठी तेच अधिक वापरात आहे. टांगण्याच्या जाळीसाठी कल्हई केलेले काशे पुष्कळदा घेतात. ते गंजत नाही. गोव्यासारख्या खाऱ्या वाऱ्याच्या मुलखात, किंवा रसायनांच्या कारखान्यात, न गंजणारे पोलाद घ्यावे. प्रत्यावर्ती विजेच्या एकेरी केबलच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. अशा केबलभोवती लोखंडाचा पूर्ण वेढा पडला तर चुंबकीय परिणामाने तो वेढा तापतो. म्हणून तेथे चुंबकाला न चिकटणाऱ्या धातूची जाळी बरी.

निवड बरोबर झाली तरी जाळी घालण्याची रीत चुकली तर सारे व्यर्थ. जाळी प्रथम मागून पुढे ढकलून फुगवावी, केबलवर पूर्ण चढवावी, आणि मग कानाकडून शेपटाकडे हाताने पिळत सरळ करावी, म्हणजे प्रत्येक तार केबलला बिलगून बसते. अर्धी चढविलेली जाळी अर्धीच धरते. शेपटाकडचे टोक तारेने वा पट्टीने आवळून बांधावे. कारण ओढ क्षणभर सैल झाली तर मिठीही सैल होते, आणि पुढच्या झटक्याला जाळी सुटून येते. पोलादी दोर ताणला गेला की त्याचा पीळ उलगडू लागतो आणि तो गरगर फिरतो. ते फिरणे केबलपर्यंत पोहोचू नये म्हणून दोर आणि जाळी यांच्यामध्ये एक फिरकी बसवितात. ओढून झाल्यावर जाळीखाली आलेला टोकाचा तुकडा कापून टाकावा; तो ताणला गेला असण्याचा संभव असतो. केबलचा ड्रम कोठे ठेवावा यालाही महत्त्व आहे. वळणे ज्या टोकाजवळ असतील त्या टोकाला ड्रम ठेवला तर वळणावर पोहोचलेली ओढ लहान असते, आणि लहान आकड्याला गुणले तर उत्तरही लहानच येते. हे शहाणपण फुकटचे आहे; त्यासाठी एक पैसाही खर्चावा लागत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट माणसाची. विंच फिरू लागली, दोर ताणला गेला, की त्या दोराच्या रेषेत आणि जाळीच्या आसपास कोणीही उभे राहू नये. ताणलेला दोर किंवा सुटलेली जाळी चाबकासारखी मागे येते, आणि तिचा फटका कोणाला बसेल हे ती ठरवीत नाही. एका टोकाला विंच आणि दुसऱ्या टोकाला ड्रम, यांच्यामध्ये शंभर-दोनशे मीटरांचे अंतर असते. दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांचा शब्द ऐकू गेला पाहिजे, आणि ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला असला पाहिजे.

केबलच्या कामात जाळीची किंमत केबलच्या मानाने क्षुल्लक असते. म्हणूनच की काय, काटकसर करावयाची वेळ आली की ती प्रथम जाळीवर केली जाते. हाताशी असलेला दोर गुंडाळला जातो, जुनी तुटक्या तारांची जाळी पुन्हा वापरली जाते, रोलरऐवजी आणखी चार माणसे ओढावयास लावली जातात. त्या दिवशी काम उरकते आणि दिवेही लागतात. या काटकसरीचे मोल मात्र पुढे कोणीतरी दुसराच देतो. कधी अंधारात अडकलेले रुग्णालय देते, कधी वरच्या मजल्यावर आगीत सापडलेले कुटुंब देते, तर कधी खड्ड्यात उतरून फुटलेली केबल शोधणारा कामगार देतो. जाळी निवडताना विचारावयाचे प्रश्न थोडे आहेत: टांगावयाचे की ओढावयाचे, भार किती, व्यास किती, टोक मोकळे की जोडलेले, जागा कोरडी की खारी. हे प्रश्न काम सुरू होण्यापूर्वी ज्याने विचारले, आणि उत्तरे कागदावर मांडून पाहिली, त्याची केबल भिंतीआड असो वा रस्त्याखाली, तिच्यावर विसंबून राहता येते.